राधानगरीच्या पावसात मातीचं घर टिकेल का? शिकायला सुरुवात कुठनं करू?

माळावरचा:
नमस्कार मंडळी. राधानगरी तालुक्यात आमची वडिलोपार्जित थोडी जागा आहे, तिथं छोटंच घर बांधायचंय, दोन खोल्या, पुढं सोपा आणि मागं पडवी, पण मातीचं. मी कोल्हापुरात नोकरीला, शनिवार रविवार मोकळा असतो, बांधकामातलं काहीच येत नाही पण स्वतःच्या हातानं शिकून करायची मनापासून इच्छा आहे. आजोळचं घर मातीचं होतं, मे महिन्यात भर दुपारी सोप्यात झोपलं तरी पंखा लागायचा नाही, आता मामानं तिथंच स्लॅब टाकलाय आणि दुपारी आत बसवत नाही. आई म्हणते सगळी माती सोडून सिमेंटवर आली आणि तू उलटा निघालास, पै-पाहुण्यांना काय सांगू. ते एक ठीक, पण तिचं दुसरं म्हणणं मला खोडता येत नाही, आपल्याकडची झड भिंत शिल्लक ठेवेल का? व्हिडिओ बघावेत तर सगळे कोरड्या मुलखातले. आमच्याकडं वर तांबडी माती आहे, ओढ्याकडं काळी. कुठली घेऊ? कोर्स करू का आधी?

गवंड्याची लेक:
दादा, माझे वडील भुदरगडात गवंडी, घरं बांधली तशी गुऱ्हाळाची चुलवाणंही बांधली, लहानपणी आम्ही भावंडं त्यांच्याबरोबर चिखल तुडवायचो, म्हणून जे हातानं केलंय तेवढंच सांगते. काळी माती भिंतीला नको. पाणी पिऊन फुगते आणि वाळली की तडकते, उन्हाळ्यात काळ्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्याच भेगा तुमच्या भिंतीत दिसतील. तांबडी घ्या, पण वरची वीतभर काढून टाका, त्यात मुळं आणि कुजका पाला असतो. मग एक उभी काचेची बरणी घ्या, तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात खाली बसते, मधला गाळ अर्ध्या-एक तासात आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, तिला एक रात्र तरी द्या. चिकणमाती पाचव्या हिश्शापासून पाव हिश्शापर्यंत असली तर माती कामाची. कमी असली तर भिंत भुरभुरते, जास्त झाली तर तडे, मग वाळू घालायची.

माती भिजवून लगेच वापरू नका, दोन-चार दिवस मुरू द्या. भाताचं पिंजार बोटभर तोडून त्यात घाला, भिंत वाळताना आकसते तेव्हा तेच तिला धरून ठेवतं. आणि झडीचं म्हणाल तर आपल्या लोकांनी त्याचा विचार कधीच केलेला आहे हो, जुन्या घरांना बघा, जोतं दगडाचं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढं छप्पर पुढं काढलेलं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेच्या भिंतीला पाल्याचे झाप बांधायचे, ते दिवाळीला सोडायचे. भिंत पावसात टिकते ती छपरामुळं आणि जोत्यामुळं, नुसत्या मातीमुळं नाही.

शिरोळकडचा:
भावा, पाऊस वरनं येणारा वेगळा आणि पूर वेगळा, हे आधी डोक्यात घे. २०१९ ला आमच्याकडं पाणी दिवसेंदिवस उतरलं नाही, मातीच्या भिंती खालनं भिजल्या आणि बसल्या. आमचा गोठा मातीचा होता तो गेला. २०२१ ला परत पाणी आलं. जागा पूररेषेच्या आत असली तर मातीचं बांधूच नको, बाहेर असली तरी गावातल्या म्हाताऱ्यांना विचार पाणी कुठवर आलं होतं आणि जोतं त्याच्या वर घे. ओढा जवळ आहे म्हणतोस म्हणून काळजीनं लिहितोय.

आणखी एक चूक सांगतो, आमची. आज्ज्याच्या मातीच्या भिंतीला आम्ही बाहेरनं सिमेंटचा गिलावा केला, वाटलं मजबूत होईल. आतला ओलावा अडकून राहिला, दोन पावसाळ्यात गिलावा पापुद्र्यासारखा सुटला आणि येताना माती घेऊन आला. बाहेरनं करायचाच तर चुन्याचा कर, तो ओल बाहेर जाऊ देतो.

स्ट्रक्चरवाला:
वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त भूकंपाचं घालतो कारण ते कुणी विचारत नाही. कोयनेचा १९६७ चा भूकंप घरातल्या मोठ्यांना विचारा, आपण त्याच पट्ट्याच्या जवळ राहतो. मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७ म्हणून भारतीय मानक आहे, त्यात कच्च्या विटांच्या भिंतीची उंची जाडीच्या आठ पटीच्या वर नेऊ नका असं आहे, म्हणजे १५ इंची भिंत असेल तर १० फुटांवर थांबायचं. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली लाकडाचा नाहीतर बांबूचा पट्टा चारी भिंतींतनं सलग फिरवायचा, कोपऱ्यात पक्का बांधायचा. खिडकी कोपऱ्याला चिकटून नको.

माझं मत विचाराल तर तुमच्या भागात खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत जांभा घ्या, त्याच्यावर माती, आणि आतल्या आडभिंती कुडाच्या, म्हणजे बांबूच्या तट्ट्यावर माती लिंपलेल्या, त्या हलक्या असतात. बांबू कोकणातला माणगा मिळतो, तो जवळजवळ भरीव असतो. तीन-चार वर्षं वयाचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्या आणि टाकणखार (बोरॅक्स) व बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवा, नाहीतर भुंगा वर्षभरात पीठ पाडतो.

कोर्सचं म्हणाल तर पुदुच्चेरीजवळचं ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूट शिकवतं, पण त्यांचा भर दाबून केलेल्या विटांवर जास्त, त्यात थोडं सिमेंट पडतं. भुजची हुन्नरशाला ही संस्था २००१ च्या भूकंपानंतर उभी राहिली, स्थानिक कारागिरांना घेऊन काम करते, त्यांचं काम बघून या. तरी मी म्हणेन कोर्सच्या आधी हात मातीत घाला म्हणजे तिथं जाऊन काय विचारायचं ते कळेल.

माळावरचा:
सगळ्यांचे आभार, खरंच. बरणी केली, निम्म्याहून जास्त वाळू-खडे, मधे गाळ आणि वर चिकणमाती पाव हिश्शाला जरा कमी. लगेच चार विटा पाडल्या, दोन नुसत्या, दोन पिंजार घालून, सावलीत ठेवल्या. नुसत्यांना मधोमध चीर गेली, पिंजाराच्या दोन्ही अखंड. आई येऊन बघून गेली, काही बोलली नाही, पण संध्याकाळी म्हणाली पिंजार अजून बारीक तोडायला पाहिजे होतंस, तुझा आज्जा विळ्यावर तोडायचा. जागा ओढ्यापासून बरीच वर आहे, २०१९ ला पाणी आलेलं नाही, शेजारच्या काकांकडनं खात्री केली. यंदाच घर सुरू करू का?

गवंड्याची लेक:
यंदा नको दादा. यंदा कोंबड्यांचं खुराडं नाहीतर कमरेएवढी भिंत बांधा आणि एक पावसाळा तिला बघा, कुठं झिजते, कुठं ओल चढते. घराचं काम दिवाळीनंतर धरायचं आणि वळीव यायच्या आत छप्पर चढवायचं, आपल्याकडं वळीव एप्रिलातच गाठतो. आणि पिंजार आईंनाच तोडायला सांगा, त्यांच्या हाताला माप आहे. राहिलेल्या दोन विटांतली एक पागोळीखाली ठेवा आणि काय होतं ते इथं लिहा.