गर्भाची निम्मी जनुके वडिलांची, तरी आईचे शरीर त्याला नाकारत का नाही?

प्रश्न :
मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. गर्भ मात्र निम्म्या जनुकांनी परका असूनही नऊ महिने वाढतो. गर्भारपणात आईची प्रतिकारशक्ती मंदावते, असे कारण वाचले होते. तसे असेल, तर माझ्या आरएच निगेटिव्ह बहिणीला २८व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन घ्यायला का सांगितले आहे?

पहिले उत्तर :
हे कोडे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडले. आईची प्रतिकारशक्ती सुस्तावत असावी, ही त्यांनी सुचवलेल्या तीन शक्यतांपैकी एक होती. पण गर्भवतीला दिलेली धनुर्वाताची लस उत्तम लागू पडते आणि तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) वारेतून बाळालाही मिळतात, त्यामुळे ते स्पष्टीकरण पटत नाही. उत्तर वारेत दडलेले आहे. गर्भाशयाच्या अस्तरात शिरणाऱ्या वारेच्या पेशींवर, परका अवयव ओळखायला प्रामुख्याने उपयोगी पडणारे एचएलए-ए आणि एचएलए-बी हे रेणू नसतात. तेथे असलेला एचएलए-जी हा रेणू उलट आईच्या मारक पेशींना आवरतो.

दुसरे उत्तर :
वरील उत्तरात एक भर घालतो, कारण मला ती या विषयातली सर्वांत विलक्षण बाब वाटते. पहिल्या तिमाहीत गर्भाशयाच्या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के एनके, म्हणजे नैसर्गिक मारक पेशी असतात. नाव मारक असले तरी त्या गर्भावर तुटून पडत नाहीत. तेथील नागमोडी रोहिण्या रुंद होऊन वारेला भरपूर रक्त मिळावे, यासाठी त्या मदत करतात. हे रुंदीकरण अपुरे राहिले, तर पुढे रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्प्सिया हा गर्भारपणातला गंभीर विकार होण्याचा धोका असतो. याखेरीज नियामक टी पेशी या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीही प्रतिकारशक्तीच्या इतर पेशींना लगाम घालतात.

तिसरे उत्तर :
आता बहिणीविषयी. वारेला असलेले हे संरक्षण बाळाच्या तांबड्या पेशींना नसते. विशेषतः प्रसूतीच्या वेळी त्या आईच्या रक्तात मिसळतात आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असेल, तर तिचे शरीर प्रतिपिंडे बनवू लागते. पहिले बाळ बहुधा सुटते, पण पुढच्या खेपेस तीच प्रतिपिंडे वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. ती तयारच होऊ नयेत, यासाठी अँटी-डी इंजेक्शन असते. प्रतिपिंडे एकदा तयार झाली की इंजेक्शनाचा उपयोग होत नाही, म्हणूनच आधी आईच्या रक्तात ती आहेत का हे पाहणारी कूम्ब्स चाचणी करतात. बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा इंजेक्शन द्यावे लागते. ते चुकू नये, यासाठी बहिणीचा रक्तगट प्रसूतिगृहाच्या कागदांवर ठळक नोंदवून घ्या.