घरच्या गाई चुलत भावाला द्यायच्या आहेत. रास्त किंमत कशी ठरवावी?

प्रश्न (संगमनेर तालुका, सध्या पुणे)

नमस्कार. वडिलांनी बावीस वर्षे गोठा सांभाळला. आता त्यांच्या गुडघ्यांमुळे धारेला बसणे होत नाही, आईला एकटीला धार, शेण आणि कुट्टी हे सारे झेपत नाही, आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात आहे. म्हणून जनावरे विकण्याचे ठरले आहे. चुलत भाऊ चारही जनावरे घ्यायला तयार आहे. गाई बांधापलीकडेच राहणार, रोज नजरेस पडणार, याचे आई-वडिलांना मोठे समाधान आहे. परंतु भाव काय लावावा, यावर घरात एकमत होत नाही.

सर्व जनावरे होल्स्टिन संकरित आहेत. पहिली गाय तिसऱ्या वेताची असून, व्यायल्याला दोन महिने झाले आहेत आणि ती दोन्ही वेळचे मिळून 18 लिटर दूध देते. दुसरी दोन वेत झालेली, सात महिन्यांची गाभण असून, आटत येऊन 6 लिटरवर आली आहे. तिसरीचे हे पाचवे वेत आहे. तिचे एक सड दगडीमुळे (कासेच्या दाहामुळे) बाद झाले असून दूध 9 लिटर आहे, आणि तीन वेळा रेतन करूनही ती उलटली आहे, म्हणजे गाभण राहिलेली नाही. चौथी वीस महिन्यांची कालवड, चार महिन्यांची गाभण आहे.

गावात आलेल्या हेड्याने (जनावरांच्या व्यापाऱ्याने) लिटरमागे चार हजार हा हिशेब धरून 72,000, 24,000 आणि 36,000 असे भाव सांगितले व कालवडीचे 30,000 धरले. एकूण 1,62,000 रुपये झाले, आणि भाऊ तेवढे द्यायला तयार आहे. वडिलांच्या मते अडीच लाखांच्या खाली जनावरे जाऊ नयेत. भावाला फसवल्याचे किंवा वडिलांच्या कष्टांची माती केल्याचे दुःख नको आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (राहाता तालुका, पंधरा गाईंचा गोठा)

लिटरवर भाव लावण्याची पद्धत लोणी-काष्टीच्या जनावरांच्या बाजारात रूढ आहे आणि ताज्या व्यायलेल्या गाईपुरती ती ठीकही आहे; पण तुमच्याच आकड्यांत तिचा दोष उघड दिसतो. उलटणारी, तीन सडांची गाय 36,000 रुपयांची आणि दोन-अडीच महिन्यांत विणारी तरुण गाय 24,000 रुपयांची, असे कोणताही गोठेवाला मनापासून मानणार नाही. हेड्याने आजचे दूध मोजले; घेणाऱ्याला मात्र उद्याचे दूध मिळणार असते.

गाय साधारणपणे व्यायल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सर्वाधिक दूध देते. त्या दिवसाच्या दुधाला 200 ने गुणले की सुमारे 305 दिवसांच्या वेताचा, म्हणजे एकदा व्यायल्यानंतरच्या सगळ्या दुधाचा, ढोबळ अंदाज येतो. तुमची पहिली गाय या हिशेबाने वेताला साधारण 3,600 लिटर देईल. त्यातले हजारेक लिटर निघून गेले असे धरले, तर घेणाऱ्याला या वेतात 2,600 लिटर मिळतील. लिटरला 30 रुपये धरले तर 78,000 होतात, पण चारा, पेंड आणि औषधपाणी यांत त्यातला मोठा वाटा जातो. म्हणून 72,000 हा भाव पुढची वेतेही पाहूनच दिलेला आहे आणि तो मला रास्त वाटतो. दुसऱ्या गाईसाठी मात्र मागच्या वेतातले सर्वाधिक दूध पाहा. ते आठवणीवर सोडू नका, डेअरीच्या पावत्या काढा.

आणखी एक गोष्ट. भावासमोर सलग तीन वेळा धार काढून मोजा. संध्याकाळची धार पूर्ण निपटून काढावी आणि मग दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही धारा मोजाव्यात. बाजारात एक धार चुकवून कास तुंबवतात व गाय भारी दाखवतात. घरच्या व्यवहारात तशी शंकासुद्धा मागे राहू नये.

उत्तर २ (पशुवैद्यक)

भाव ठरवण्याआधी तपासणी करून घ्यावी, आणि तिचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलावा. गाभण असल्याची खात्री पशुवैद्यकाकडून हाताने तपासून करून घ्या. रेतनाची तारीख असेल तर विण्याचा दिवस त्यापासून सुमारे 280 दिवसांनी धरता येतो. दुधातल्या गाईंच्या चारही सडांच्या दुधाची कॅलिफोर्निया चाचणी (दगडी ओळखण्याची चाचणी) करावी, कारण वरून निरोगी दिसणाऱ्या कासेतही सुप्त दगडी असू शकते, आणि ती दिसत नाही म्हणूनच पुढे भांडणाचे कारण होते. ब्रुसेलोसिससाठी रक्ताचा नमुनाही द्यावा. या रोगाने शेवटच्या महिन्यांत गर्भपात होतात आणि तो माणसांनाही होतो, त्यामुळे नात्यात गाय देताना ही तपासणी टाळणे मला योग्य वाटत नाही.

तिसऱ्या गाईबद्दल घाई करू नका. पाचवे वेत म्हणजे म्हातारपण नव्हे. तीनदा उलटण्यामागे गर्भाशयाचा सौम्य दाह, माज ओळखण्यातील चूक किंवा खनिजांची कमतरता असू शकते, आणि यांपैकी बऱ्याच गोष्टी उपचाराने सुधारतात. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक जपून ठेवा आणि विक्रीनंतर भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी नोंदणी प्रणालीत मालकी भावाच्या नावावर करून घ्या. लसीकरण आणि उपचारांची नोंद त्याच क्रमांकावर पुढे चालते.

उत्तर ३ (करवीर तालुका)

दादा, आमच्या घरी दोन जावांमध्ये असाच व्यवहार झाला होता, म्हणून लिहिते. आमचा वाद एका गाभण म्हशीवरून पेटला. सासूबाई म्हणत, ती व्यायली की सोने आहे. जाऊबाई म्हणत, अडली तर काय? दोघींचेही खरे होते, कारण पुढचे कोणालाच माहीत नव्हते. शेवटी आम्ही त्या न कळणाऱ्या गोष्टीची किंमत आज ठरवलीच नाही. काही रक्कम लगेच आणि उरलेली म्हैस सुखरूप विऊन आठवडा झाल्यावर, असे लिहून घेतले. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गाईला हा मार्ग लागू पडेल.

बाजारात नेले असते तर टेम्पोचे भाडे, बाजार समितीची फी आणि दलाली गेली असती. तो खर्च दोघांचाही वाचतो आहे, तेव्हा त्याचा लाभही दोघांना मिळू द्या. पैसे एकदम देणे भावाला जड जात असेल, तर दर दहा दिवसांच्या दूध बिलातून कपात ठरवा. मात्र ती डेअरीच्या सचिवांसमोर ठरवा आणि कागदावर आणा, कारण तोंडी हप्ते पहिल्याच भाकड महिन्यात थांबतात आणि मग सणालाही बोलणे होत नाही. आणि भाव ठरताना आईला समोर बसवा. कोणत्या गाईला कोणती खोड आहे, हे धार काढणाऱ्या माणसाएवढे कोणालाच ठाऊक नसते.

प्रश्नकर्त्याकडून

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीनही धारा भावासमोर मोजल्या. पहिल्या गाईचे दूध साडेसतरा लिटर भरले. दुसरीने मागच्या वेतात 19 लिटरपर्यंत दूध दिल्याचे पावत्यांवरून दिसले. ब्रुसेलोसिसचा अहवाल चौघींचाही निर्दोष आला. तिसरीच्या गर्भाशयाला दाह असून उपचार सुरू आहेत. तिला हिरवा घास आधी घातल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही, हे आईने भावाला आवर्जून सांगितले.

पहिलीचे 72,000 आणि कालवडीचे 42,000 ठरले. दुसरीचे 62,000, त्यांपैकी 15,000 ती सुखरूप व्यायल्यावर द्यायचे आहेत. तिसरीचे आज 15,000 आणि गाभण असल्याची खात्री झाल्यास आणखी 10,000. म्हणजे आजचे निश्चित 1,76,000 रुपये. त्यातले एक लाख भावाने दिले, आणि उरलेले 76,000 दर बिलातून 4,000 प्रमाणे एकोणीस बिलांत फिटतील. वडिलांनी अडीच लाखांचा आग्रह सोडला. दुसऱ्या गाईचा हिशेब कागदावर मांडल्यावर भावाने स्वतःच हेड्याचा आकडा बाजूला ठेवला. उद्या सकाळची धार झाली की जनावरे पलीकडे जातील.