दुरून कॉम्प्युटर बघायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? (समोर मोबाईल हॉटस्पॉट)

तारकर्ली_वारा: नमस्कार मंडळी. होमस्टेवाल्यांचे आणि आंबा बागायतदारांचे कॉम्प्युटर बघायचं काम आहे, मालवणपासून देवगडपर्यंत. प्रिंटर चालत नाही, जीएसटीचं पोर्टल डिजिटल सही घेत नाही, असल्या तक्रारी. पावसात प्रत्येक वाडीत जाणं होत नाही. समोर विंडोज १० किंवा ११, नेट हॉटस्पॉटवरचं. इंग्रजी मेसेज वाचताना समोरचा अडखळतो. कामाचे पैसे घेतो, म्हणून फुकट वापराच्या अटीही पाळायच्या आहेत. काय वापरावं?

गुहागरकर: पैसे घेताय म्हणजे टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्कची फुकट आवृत्ती बाद. ती फक्त वैयक्तिक वापरासाठी आहे. धंद्याचा वापर वाटला की कनेक्शन मध्येच तुटतं, आणि तेही प्रिंटरचा ड्रायव्हर अर्धा बसलेला असताना.

अधूनमधून मदत करायची तर विंडोजचं क्विक असिस्ट पुरतं. कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकत्र दाबलं की उघडतं. नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. मायक्रोसॉफ्टचं खातं फक्त तुम्हाला लागतं, समोरच्याला नाही. तुम्ही कोड काढून फोनवर सांगायचा, त्याने तो टाकून स्क्रीन दाखवायला परवानगी द्यायची. पण तेवढ्याने तुम्हाला फक्त दिसतं. माऊस हातात यायला तुम्ही ताबा मागायचा आणि त्याने पुन्हा हो म्हणायचं. बरेच जण इथेच "चालत नाही" म्हणून सोडून देतात. कोड दहा मिनिटांत बाद होतो, म्हणून समोरचा खुर्चीत बसला की मगच काढा.

तारकर्ली_वारा: सॉफ्टवेअर बसवताना माझ्याकडे स्क्रीन काळी होते, ती का?

आगर_आणि_नेट: दादा, तो दोष नाही. "या ॲपला बदल करू द्यायचे का" हा प्रश्न विंडोज वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर विचारतं. साध्या परवानगीने चालणाऱ्या प्रोग्रामला तो पडदा दिसत नाही. समोरच्याला आधीच सांगून ठेवा: स्क्रीन अंधारली की डावीकडचं बटण दाबा. त्याचं खातं ॲडमिनचं नसेल तर पासवर्डही त्यालाच टाकावा लागतो. यासाठी तो प्रश्न कायमचा बंद करून ठेवू नका, मग कुठलाही व्हायरस न विचारता आत येतो.

तुमच्यासारख्या रोजच्या कामाला मी रस्टडेस्क सुचवेन. मुक्त स्रोत आहे, पैसे घेऊन केलेल्या कामालाही चालतं. बसवून न घेता चालवलं असेल तर समोरच्याने साध्या 'स्वीकारा'ऐवजी 'स्वीकारा आणि अधिकार वाढवा' दाबायचं. मग परवानगी विचारणारा तो सुरक्षित पडदाही तुम्हाला दिसतो.

हॉटस्पॉटवर दोन यंत्रांची थेट गाठ सहसा पडत नाही, कारण मोबाईल कंपनी इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता (आयपी) बऱ्याच ग्राहकांत वाटते. सगळं मधल्या रिले सर्व्हरमधून जातं. तो लांब असला की माऊस मागून येतो. म्हणून मुंबईतला एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या, त्यावर रस्टडेस्कचेच एचबीबीएस आणि एचबीबीआर हे दोन सर्व्हर प्रोग्राम चालवा. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये टीसीपी २१११५ ते २१११७ आणि यूडीपी २१११६ हे पोर्ट (आत येण्याचे दरवाजे) उघडा. यूडीपीचं राहिलं की आयडी जोडलाच जात नाही आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. सर्व्हरची सार्वजनिक चावी दोन्हीकडे भरा. चित्राचा दर्जा 'जलद प्रतिसाद'वर ठेवा.

आणखी एक: पासवर्ड चुकतोय असं दिसलं तर समोरचा कीबोर्ड मराठीवर आहे का ते आधी बघा.

गुहागरकर: डिजिटल सहीसाठी विंडोजचं रिमोट डेस्कटॉप वापरू नका. होम आवृत्तीत त्याने आत येताच येत नाही. प्रो असलं तरी समोर लावलेला टोकन (डिजिटल सही असलेला पेनड्राइव्हसारखा यूएसबी) त्या सत्रात दिसत नाही, कारण विंडोज तिथे तुमच्याकडच्या यंत्राचे कार्ड रीडर शोधतं. स्क्रीन दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ही अडचण नाही. सहीचा पिन मात्र त्यांनाच टाकू द्या. आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर कधीच उघडा टाकू नका.

काजूची_बी: एनीडेस्कच्या नावाने होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं. तुमच्या ग्राहकांना तुमची सवय झाली की "सर्व्हिसवाला बोलतोय" म्हणणाऱ्या कुणालाही ते कोड देतील. म्हणून नियम ठरवा: फोन ग्राहकाने करायचा, तुम्ही नाही. काम चालू असताना बँकेचं पान आणि व्हॉट्सॲप बंद. कायमचा पासवर्ड ठेवू नका, दर वेळी नवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन.

आगर_आणि_नेट: लाईट ये-जा करत असेल तर बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट दुरून करू नका. मध्येच गेली तर यंत्र सुरूच होणार नाही, आणि मग तुम्हाला जावंच लागेल. इन्व्हर्टर नसेल तिथे विंडोजचं मोठं अपडेटही चार दिवस थांबवा.