मदत हवी आहे: साठवलेल्या मक्याला सोंडे लागलेत, हवाबंद पिशवीत भरलं तर थांबेल का?

नमस्कार मंडळी. आमचं शेत थोडकंच, मका वर्षभर घरात खायला आणि उरला तर विकायला. कणसं सोलून दाणे ताडपत्रीवर चार दिवस वाळवले, पोत्यांत भरले आणि पोती आतल्या खोलीत भिंतीला टेकवून लावली. काल दोन महिन्यांनी वरचं पोतं सोडलं तर तोंडाशीच पिठासारखा भुगा, दाण्यांना दाभणानं टोचल्यासारखी भोकं, मूठभर दाणे हातावर घेतले तर त्यातून तीन सोंडे चालायला लागले. हात कोपरापर्यंत आत घातला तर आतलं धान्य चक्क कोमट लागलं, याची मला जास्त भीती वाटतेय.

मागच्या हंगामातही असंच झालं होतं, तेव्हा सासूबाईंनी आणि मी सगळं चाळून पाखडून एक ऊन देऊन परत भरलं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. स्वच्छ चाळलेल्या धान्यात हे येतात कुठून? किडका माल म्हणून भाव पाडून मागतात, त्या धास्तीनं आम्ही सुगीतच पडेल त्या भावाला विकून टाकतो आणि नंतर तेच धान्य महागात विकत आणतो, हे किती वर्षं करायचं.

ओळखीतून दोन हवाबंद पिशव्या मिळाल्यात, त्यात कालच मका भरून बांधलाय. बाकीच्या पोत्यांत टाकायला एकानं गोळ्यांची डबी दिलीय पण शेजारच्याच खोलीत मुलं झोपतात, म्हणून अजून उघडली नाही. आणि धान्य पुरेसं वाळलंय हे ओलावा मोजायचं मीटर नसताना कसं ओळखायचं? दाताखाली कट्ट वाजतं पण तेवढ्यावर भरवसा बसत नाही. प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद १
ताई, बाकी सगळं नंतर, आधी ती डबी आहे तशी बंद राहू द्या, पाणी लागू देऊ नका आणि झोपायच्या-राहायच्या जागेपासून लांब कुलपात ठेवा. त्या गोळ्या बहुतेक ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असणार. हवेतल्या दमटपणानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो पोत्यातून, दाराच्या फटीतून सहज पलीकडे जातो आणि माणूस मरतो. वास आला तर कळेल असं धरून चालू नका, दर वेळी वास येतोच असं नाही. हे काम घरापासून लांब, गच्च झाकलेल्या थप्पीवर, शिकलेल्या माणसानंच करायचं असतं. राहत्या घरात एक गोळीसुद्धा नाही, कृपा करून.

प्रतिसाद २
किडे कुठून येतात ते सांगतो. सोंड्याची मादी दाण्याला बारीक खड्डा पाडून आत अंडं घालते आणि वरून बुजवून टाकते, अळी आतला गर खात आतच मोठी होते, उबदार हवेत साधारण महिन्याभरात तिचा सोंडा होऊन भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे तुम्ही चाळलेत तेव्हा वरचे किडे गेले, पुढची पिढी दाण्यातच होती. बऱ्याचदा लागण शेतातच झालेली असते, मका वाळायला म्हणून उभ्या ताटावर, म्हणजे धांड्यावरच, जास्त दिवस राहिला की हमखास.

हवाबंद पिशवीचा उपयोग इथेच आहे. बाहेर विणलेलं पोतं, आत प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी हे सुरू केलं, नंतर मक्यालाही वापरू लागले. किडे आतला ऑक्सिजन स्वतःच श्वासात संपवतात, खाणं थांबतं आणि मरतात, दाण्यातल्या अळ्यासुद्धा, औषध काहीच नाही. पण भरण्याआधी पिशवीत हवा भरून दाबून बघायची, कुठे फुस्स होतंय का. आणि सारखी उघडायची नाही, खायचं धान्य वेगळं काढून ठेवा. उंदरांचा बंदोबस्तही हवाच, एक भोक पडलं की संपलं.

मात्र धान्य ओलं असेल तर हीच पिशवी घात करते! आत आंबतं, बियाण्याची उगवण मरते, उघडली की बुरशी धरते. कोमट लागणं म्हणजे किडे तरी, बुरशी तरी, बहुतेक दोन्ही. त्या दोन पिशव्या आजच सोडून बघा.

मीटर नसेल तर मिठाची परीक्षा करा. कोरडी ठणठणीत काचेची बाटली, त्यात पाव भाग दाणे आणि दोन-तीन चमचे भाजून गार केलेलं मीठ, झाकण लावून दोनेक मिनिटं हलवा आणि मग जरा ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. चिकटलं नाही म्हणजे फक्त १५ च्या खाली आलाय, मक्याला मुक्कामी ठेवायचं तर १३ च्या आसपास लागतो, म्हणून त्यानंतरही एक-दोन कडक उन्हं द्याच. वाळवताना थर पातळ, दर तासाला परतायचं, आणि गार झाल्याशिवाय भरायचं नाही, नाहीतर आत घाम धरतो.

प्रतिसाद ३
वरच्या प्रतिसादाला जोड. बुरशीचे दाणे हलक्यात घेऊ नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, शिजवून, भाजून जात नाही. २००४ साली केनियात ओलसर साठवलेला मका खाऊन ३१७ जण आजारी पडले, त्यातले १२५ गेले. रंग बदललेले, फुटके, सुरकुतलेले दाणे हातानं निवडून काढा. जनावरांना, कोंबड्यांनाही घालू नका, गाईच्या दुधातून ते परत घरातच येतं. पोती भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या टाका आणि चारी बाजूंनी हात फिरेल एवढी जागा सोडा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. गोळ्यांची डबी ज्यांनी दिली त्यांना बंदच परत केली, त्यांनाही सगळं समजावून सांगितलं.

दुपारी बाटली हलवली, मीठ काचेला पांढरं धरून राहिलं. म्हणजे चार दिवस वाळवून आम्ही वाळलं असंच समजत होतो! पिशव्या सोडल्या, एकीचा वास बरा होता, दुसरीतून आंबूस वास आला आणि तळाशी मूठभर दाणे एकमेकांना चिकटून गोळा झालेले, हिरवट. पोत्यातच खराब झालेले असणार, भरताना लक्षात आलं नाही. सगळं ताडपत्रीवर पसरलंय. तो गोळा काढून टाकला तर त्याच पिशवीतलं बाकीचं खाण्याजोगं धरायचं का?

प्रतिसाद ३
ताई, गोळ्याभोवतीचं चांगलं दिसणारंही काढा, बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि आंबूस वास सगळ्याच धान्याला लागला असेल तर त्या पिशवीतलं खायला नकोच, मन घट्ट करा. दुसरीतलं निवडून, वाळवून, मीठ दोनदा सुटं पडलं की वर दोन उन्हं देऊन भरा. निवडताना नाकातोंडाला फडकं बांधा, मुलांना तिथे बसवू नका.