प्रतिसाद: ई-चलानची तक्रार आणि लोकअदालत

वर कोणीतरी लिहिलंय की ई-चलानच्या पाचशे रुपयांसाठी एवढी डोकेफोड कशाला, भरून टाका. अहो पण गाडीच माझी नाही ना! चलानवरचा फोटो मोठा करून बघितला तर पांढरी स्कूटर, माझी काळी बाईक, आणि त्या स्कूटरच्या नंबरप्लेटवरचा ३ नेमका स्क्रूमुळे ८ सारखा दिसतोय म्हणून माझ्या नावावर विनाहेल्मेट. ऑनलाईन तक्रार केली, आरसीचा फोटो, गाडीचे पुढून मागून फोटो सगळं जोडलं तर उत्तर काय, 'रिजेक्टेड', कारण वगैरे काही नाही. मग चौकीत गेलो तर म्हणे आमच्याकडे फक्त पैसे भरून घेतात, रद्द करायचं वरून होतं, आता वर म्हणजे कुठे ते तिथल्या साहेबांनाही सांगता येईना (मशीन मात्र लगेच पुढे केलं, कार्ड की यूपीआय!).

आणि ते लोकअदालतीचे मेसेज येतात ना, तिथे दंडात सवलत मिळते हे खरं, पण तिथे तडजोड होते, म्हणजे तुम्ही चलान मान्य केल्यासारखंच, आणि त्या निवाड्यावर अपीलही नसतं. ज्यांचं चलान खरंच चुकीचं आहे त्यांनी घाईने तिथे जाऊन भरू नका. मी आता वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या नावे लेखी अर्ज दिलाय, आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच घेतलीये, ती द्यायलाही टाळाटाळ चालली होती. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, नंतर माहिती अधिकारात विचारायला तीच उपयोगी पडते.