अनुभव धागा: हरून घरी आल्यावर आई-बाबा काय म्हणाले?

पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकहून कांस्यपदक घेऊन आले. मधल्या चार वर्षांत त्यांच्या गोळेश्वर गावच्या घरात काय बोलणं होत असेल, याचं मला फार कुतूहल आहे. वडीलही पैलवान, त्यामुळे भाषणं नसावीत.

तुमच्याकडे काय बोललं गेलं? खेळ कुठलाही चालेल, पदक नसलं तर उत्तमच. फक्त ‘प्रयत्नांती परमेश्वर’ नको, ते शाळेच्या भिंतीवर सगळ्यांनीच वाचलंय.

लालमाती

मी मातीत तयार झालेला. जिल्ह्याला पहिल्यांदा मॅटवर उतरलो आणि समोरच्यानं पट काढून काढून, म्हणजे पाय धरून खाली पाडून, गुण घेतले. १० गुणांची आघाडी झाली की मॅटवरची कुस्ती तिथंच संपते; पंचांनी शिट्टी मारली. पाठ टेकली नाही आणि हरलो कसा, हेच मला कळेना! अण्णा एसटीत गप्प. घरी आल्यावर म्हणाले, “रडायचं तर आज रडून घे. उद्या तालमीत जोर मारत बसू नको. वस्तादांना विचार, पट सोडवायचा कसा.”

हरलेल्या पोराला ‘बैठका वाढव, खुराक वाढव’ सांगणारे बाप पुष्कळ बघितलेत. अण्णांनी नेमकं कुठं अडलंय ते बघितलं होतं. पुढं कित्येक महिने पट सोडवणं हेच काम. पोलीस भरतीला गणितात गचकलो तेव्हाही तेच: “येतंय ते परत परत कशाला करतोस? येत नाही तेवढंच कर.” आज खात्यात आहे.

खोगं

आमच्या आईला खो-खोतलं साखळी-बिखळी काही कळायचं नाही, पण तिचा एक नियम होता: हरलेल्या दिवशी काहीही सोडायचं नाही. सोडायचंच तर जिंकून आल्यावर सांग, मी अडवणार नाही. जिंकून आल्यावर कोण सोडतंय!

नोकरीत मात्र हा नियम शब्दशः पाळला. साहेबांशी वाजलं त्या आठवड्यात राजीनामा लिहून ठेवला, दिला नाही. पगारवाढ झाली त्या महिन्यात दिला. साहेब अजून चक्रावलेत.

बिब_नंबर

मुंबई मॅरेथॉन, पूर्ण ४२. परतीचा पेडर रोडचा चढ, वर ऊन, पोटऱ्यांत गोळे. बाबा कडेला उभे होते. “शाब्बास” वगैरे काही नाही. म्हणाले, “बुटाची नाडी सैल कर.” केली. पोचलो.

रविवारचा_लेगस्पिनर

सगळे चिकाटीचं लिहिताय म्हणून जरा उलटं. शाळेत फास्ट टाकायचो. कंबर दुखायला लागली. प्रशिक्षक म्हणाले, दुखणं अंगावर काढायला शीक. बाबांनी डॉक्टरांकडे नेलं, तर मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला पडलेली बारीक चीर. वाढत्या वयातल्या फास्ट बोलरांना हे सर्रास होतं, हे तेव्हा कळलं. बाबांनी किट माळ्यावर टाकलं: “चिकाटी पुढच्या वर्षी दाखव.” मी त्यांच्याशी धड बोलतही नव्हतो. पण पाठ शाबूत राहिली, लेगस्पिन शिकलो, अजून खेळतो.

आता माझा मुलगा बॅडमिंटन खेळतो. परवापासून म्हणतोय खांदा दुखतो, आणि शनिवारी मॅच आहे. खरंच दुखतोय की मॅच नकोय, हे कसं ओळखायचं? इथल्या पालकांनी सांगा.