चालता कारखाना उचलून परदेशात नेला तर सरकारने मध्ये पडावं का?

चौकस
परवा एका जुन्या मित्राशी यावरून जवळजवळ भांडणच झालं म्हणून इथे टाकतोय. चांगला चालणारा कारखाना बंद करून कंपनी तेच काम स्वस्त मजुरीच्या देशात नेते, तेव्हा सरकारने हाताची घडी घालून बसावं की काही करावं?

माझं मत आधीच सांगतो. जाणाऱ्याला अडवू नका, पण सरकारी पैसा घेतला असेल तर तो गेटवर मोजून ठेवायचा आणि मग जायचं. नोकियाचं बघा. जर्मनीत बोखुमला त्यांचा मोबाईलचा कारखाना होता, २००८ च्या जानेवारीत जाहीर केलं की बंद, २३०० लोक घरी, काम रुमानियात क्लुजजवळ. त्याआधी तिथल्या सरकारांकडून कोट्यवधी युरोचं अनुदान घेऊन झालेलं. पुढाऱ्यांनी रागारागात आपले नोकिया फोन परत केले, टीव्हीवर छान दिसलं ते. पण खरं काम केलं राज्य सरकारने, अनुदान परत मागितलं. आणि पुढची गंमत अशी की २०११ मध्ये क्लुजचा कारखानाही बंद, काम आशियात. म्हणजे ज्यांनी बोखुमच्या नोकऱ्या पळवल्या म्हणून शिव्या खाल्ल्या त्यांनाही चार वर्षं धड मिळाल्या नाहीत.

मोकळावारा
अनुदान वसुलीला माझा विरोध नाही, करार केलाय तर पाळा, विषय संपला. पण लोक तिथे थांबत नाहीत ना, पुढची मागणी लगेच येते की आयातीवर कर लावा. अमेरिकेने २०१८ मध्ये वॉशिंग मशीनवर लावला होता. अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला तर मशीन साधारण १२ टक्क्यांनी महागलेली, आणि कपडे वाळवायच्या ड्रायरवर कर नसताना ड्रायरही महागला, कारण तिकडे लोक जोडी घेतात आणि कंपन्यांनी त्यातही हात धुवून घेतले. नोकऱ्या आल्या सुमारे १८००. एका नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला आठ लाख डॉलरच्या वर गेले!! त्या १८०० जणांना घरबसल्या वर्षाला लाख लाख डॉलर दिले असते तरी देश फायद्यात राहिला असता.

टूलरूम
मोकळावारा साहेब, घरबसल्या कोणी पैसे देत नाही हो.

मी बावीस वर्षं प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात त्या खात्याच्या, टूलरूममध्ये काढली, तिथे प्रेसचे साचे म्हणजे डाय बनतात, कंपनीचं नाव राहू दे. आमचं काम बाहेर जायचं ठरलं तेव्हा शेवटचे तीन महिने आम्हालाच सांगितलं की तिकडून माणसं येतील त्यांना शिकवा, शिकवलं तर हिशेबात थोडे जास्त मिळतील, नाही शिकवलं तर नाही, मग शिकवलं, काय करणार, आठ जण आले होते, सगळं वहीत उतरवून घ्यायचे, पोरं चांगली होती त्यांचा काय दोष. मग मशिनी खोलायला घेतल्या, प्रत्येक जागच्या नटबोल्टांची वेगळी पिशवी, पिशवीवर नंबर आणि तोच नंबर खडूने बॉडीवर, हे पण आम्हीच केलं. एक जुनी प्रेस होती, चार तास चालून ब्रेक तापला की पेडलवरून पाय काढला तरी रॅम, म्हणजे वरून दाबणारा जड भाग, जागेवर थांबायची नाही, थोडी खाली यायची, कुठल्याच मॅन्युअलमध्ये ते नव्हतं, आमच्या पाळीला माहीत होतं म्हणून आम्ही मध्ये तिला विश्रांती द्यायचो. दुरुस्तीचा खर्च मंजूर होत नव्हता पण क्रेन लावून कंटेनरमध्ये भरायचा लगेच झाला. ती उचलल्यावर खाली तेलाचा काळा चौकोन राहिला फरशीवर, आम्ही दोघांनी सवयीने तो पुसायला घेतला, कशासाठी ते देवाला माहीत.

तुमचे ते आठ लाख डॉलर खरे असतील. पण मशीन स्वस्त मिळाली त्याचा फायदा कोट्यवधी लोकांना थोडा थोडा होतो आणि मार मात्र एका गावाला पूर्ण बसतो, याचा हिशेब कोण मांडतं?

चौकस
मांडलाय काका. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या तिघा अर्थतज्ज्ञांचं काम यावरच आहे. चीन २००१ च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत आला, त्यानंतर चिनी मालामुळे अमेरिकेत काय झालं ते त्यांनी भागवार तपासलं. १९९९ ते २०११ या काळात २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या असा त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज. मला मात्र आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट लागली. पुस्तकात लिहिलेलं असतं की माणूस एक धंदा बसला की दुसरीकडे जातो. तसं फारसं झालंच नाही. लोक तिथेच राहिले, पगार पडले, सरकारी मदतीवरची माणसं वाढली. घर विकायचं तरी कोणाला, सगळं गावच विकायला बसलंय.

हिशेबनीस
मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा. हलवायचं की नाही याची जी शीट बनते ती बनवणाऱ्यांपैकी एक, आता शिव्या घाला.

लोकांना वाटतं मजुरी बघून कारखाना जातो. अहो बऱ्याच वस्तूंत मजुरीचा रकाना सगळ्यात लहान असतो. मोठा रकाना मटेरियल आणि सुट्या भागांचा. स्प्रिंग, वायरहार्नेस, प्लास्टिकचे मोल्ड केलेले भाग देणारे पन्नास सप्लायर जिथे तासाभराच्या अंतरावर आहेत तिथे कारखाना ओढला जातो, मग जहाजाचं भाडं धरूनही परवडतं. आणि एकदा ते पन्नास जण हलले की मूळ जागी नुसतं शेड उभं करून काही होत नाही, स्प्रिंग आणणार कुठून?

म्हणून एका देशाच्या मालावर आयात ड्युटी लावली की काम घरी येत नाही, शेजारी जातं. मोकळावारा यांचंच वॉशिंग मशीन घ्या. आधी कोरिया आणि मेक्सिकोच्या मालावर ड्युटी लागली तर काम चीनला गेलं, चीनवर लागली तर थायलंड आणि व्हिएतनामला. सगळ्यांवरच लागणार असं दिसायला लागलं तेव्हा कुठे सॅमसंग आणि एलजीने अमेरिकेत कारखाने काढले. म्हणजे कर चालतो का, चालतो, पण इतका मोठा आणि इतका सरसकट लावावा लागतो की मग ते आठ लाखवालं बिल येतं.

आणि हो, टूलरूम काका म्हणतात त्या प्रेसच्या खोडीसाठी आमच्या शीटमध्ये रकाना नसतो. पहिल्या सहा महिन्यांचं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, आम्ही दोन टक्के धरतो आणि मनातल्या मनात हसतो.

वाकडी_वाट
"सरकारने मध्ये पडू नये" हे वाचून करमणूक झाली. सरकार मध्ये पडलेलंच असतं, फक्त समोरचं. कॉम्प्युटरवाल्या डेलने २००९ मध्ये आयर्लंडच्या लिमरिकमधलं उत्पादन पोलंडला वुच शहरात नेलं, १९०० नोकऱ्या गेल्या. पोलंड सरकारने डेलला ५ कोटी ४५ लाख युरोची मदत दिली आणि युरोपियन कमिशनने ती मंजूर केली. आणि त्याच युरोपच्या निधीतून लिमरिकच्या बेकार झालेल्यांना पुन्हा उभं करायला १ कोटी ४८ लाख! एका खिशातून आग लावायला पैसे आणि दुसऱ्यातून विझवायला, तेही चौथा हिस्सा. याला खुला बाजार म्हणतात होय?

मोकळावारा
वाकडी वाट, मग तुमचं उत्तर काय, आपणही तोच लिलाव खेळायचा? खेळून बघितलाय लोकांनी. कॅरिअर या एसीवाल्या कंपनीचा अमेरिकेतला इंडियानापोलिसचा कारखाना मेक्सिकोत माँटेरीला जाणार म्हणून २०१६ मध्ये केवढा गदारोळ झाला. निवडून आलेले ट्रम्प स्वतः मध्ये पडले, राज्याने दहा वर्षांत ७० लाख डॉलरच्या सवलती दिल्या, कारखान्यातल्या आठशेएक नोकऱ्या वाचल्याचं जाहीर झालं, टाळ्या. पुढच्या सव्वा वर्षात त्याच कारखान्यातून पाचशेच्या वर लोक कमी केले. आणि तिथे जी गुंतवणूक करणार होते त्यातून ऑटोमेशन होईल आणि शेवटी नोकऱ्या कमीच होतील, हे त्यांच्या मूळ कंपनीच्या प्रमुखांनी तोंडाने सांगितलेलं.

फ्रान्सचं तर विचारूच नका. अमियाँचा व्हर्लपूलचा ड्रायरचा कारखाना पोलंडला निघाला, २०१७ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्रॉन आणि ल पेन दोघंही उमेदवार एकाच दिवशी तिथे हजर. मग नवा मालक शोधला, सरकारने पैसे घातले, जुन्या कंपनीनेही घातले, आणि २०१९ मध्ये तो नवा धंदाही बुडाला. तिथल्या कामगारांना एकदाच्या ऐवजी दोनदा काढलं, एवढंच साधलं.

वाकडी_वाट
म्हणजे दोन ठिकाणी डॉक्टर वाईट निघाला म्हणून दवाखानेच बंद करा. फ्रान्समध्ये २०१४ पासून कायदा आहे, हजार किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने कारखाना बंद करण्याआधी तो विकत घेणारा कोणी शोधायचा. कमजोर कायदा आहे, मान्य. पण निदान विचारावं तरी लागतं. आणि २०२० मध्ये साधा मास्क मिळेना तेव्हा किती मोठमोठे देश रांगेत उभे होते ते विसरलात वाटतं. तेव्हा स्वस्त कुठे मिळतं हे कोणी विचारत नव्हतं.

चौकस
मास्कचं पटलं, औषधं आणि चिपचंही. पण प्रत्येक ड्रायरला देशाची सुरक्षा चिकटवायला लागलो तर संपलंच. मी परत माझ्या मूळ मुद्द्यावर. माणसाला सांभाळा, कारखान्याला नाही. अमेरिकेत केनेडींच्या काळात, १९६२ मध्ये, आयातीमुळे नोकरी गेलेल्यांसाठी भत्ता आणि प्रशिक्षणाची योजना आली होती. साठ वर्षं रडतखडत चालली आणि २०२२ च्या जुलैपासून नवे अर्ज मंजूर करणंच बंद. मुदत वाढवायला संसदेला वेळ झाला नाही. कारखाना वाचवायला फोटो निघतो, प्रशिक्षणाला कोण येणार फोटो काढायला.

टूलरूम
प्रशिक्षण मला पण मिळालं. सहा आठवडे कॉम्प्युटर. पंचावन्न वर्षांचा माणूस, मायक्रोमीटरवर हात बसलेला, आणि समोर पंचवीस वर्षांची मॅडम माऊस कसा धरायचा सांगतेय. सर्टिफिकेट आहे घरी. त्यावर नोकरी मिळाली नाही, मिळाली ती रात्रीच्या वॉचमनची, त्याला सर्टिफिकेट लागत नव्हतं. चौकस भाऊ तुमचं चुकीचं नाही, पण माणसाला सांभाळायचं तर आधी विचारा त्याला काय येतं. मला डाय बनवता येतात. शिकवायला बसवलं असतं तर चाळीस पोरं तयार केली असती.

हिशेबनीस
काका, एक विचारू? ती प्रेस. ब्रेक तापल्यावर खाली येते ते त्या आठ जणांना सांगितलंत का? कारण आमच्याकडे असं न सांगितलेलं खूप निघतं, आणि खरं सांगतो, मी कोणाला दोष देत नाही.

टूलरूम
सांगायचं नाही असं ठरलं होतं आमच्यात. शेवटच्या आठवड्यात त्यातला एक जण रिकाम्या प्रेसमध्ये हात घालून बघत होता डाय कशी बसते. मी ओरडलो त्याच्यावर, मग बसवून सगळं सांगितलं, वहीत लिहून घेतलं त्याने. कंपनीचं काही गेलं नसतं हो, हात त्याचा गेला असता.